ओलाफ या नांवाची व्युत्पत्ति व अर्थ

१. प्रश्नाचें मूळ

तंजावरचे कांहीं मोडी कागद डेन्मार्कमधील संग्रहांत जपलेले आहेत, व एलिझाबेथ स्ट्रांडबर्ग या विदुषीनें ते १९८३ सालीं संपादून प्रसिद्ध केले, ही गोष्ट त्रैमासिकाच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. तंजावरच्या राज्यांत समुद्रकांठीं तरंगमबाडी येथें डॅनिश लोकांची वखार १६२० पासून होती. ती १८४५ सालीं इंग्रजांस विकली गेली. त्या संबंधामुळें मोडी कागदांच्या अभ्यासकास कधीं ना कधीं उत्तरेकडील नांवांशीं गांठ घालावी लागते.

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांचें असेंच झालें. उत्तरेकडील नांवांचा शोध घेतां घेतां ते ओलाफ या नांवाशीं येऊन थांबले. कोशांत त्यांस या नांवाचें अतिप्राचीन रूप ‘अनुलइबझ्’ असें दिलेलें आढळलें. त्यांनीं मला लिहिलें कीं, हा तर आपला ‘अनुलेपः’ हाच शब्द आहे. अनु तोच, लेप तोच, आणि शेवटचा झ् म्हणजे आपला विसर्ग. या शोधावर त्यांनीं एक निबंध सिद्ध केला होता, तो छापावयास जाणार होता, व त्यास अनुमोदनाच्या चार ओळी माझ्याकडून हव्या होत्या.

पत्र वाचून मलाही क्षणभर आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे. इतकें अक्षराला अक्षर जुळणारें साम्य क्वचितच दृष्टीस पडतें. परंतु चार ओळी कांहीं लिहून होईनात. त्यांच्या तर्कांत अर्धें सत्य आहे व अर्धा भ्रम आहे, आणि दोन्ही अर्धांवर एकच मोहोर उठविणें शक्य नव्हतें. कोणतें अर्ध कोणतें, हें त्यांच्या संमतीनें येथें मांडीत आहें.

२. नांवाचीं रूपें

नॉर्वेंत आज हें नांव ओलाव असें लिहितात, स्वीडनमध्यें ओलोफ, डेन्मार्कमध्यें ओलुफ, आणि आइसलंडांत ओलाफुर. घरगुती वापरानें झिजून त्याचेंच ‘ओले’ झालें. प्रकाशास वेग आहे हें दाखविणारा ओले रोमर (१६४४–१७१०) व प्राचीन वस्तूंचा प्रसिद्ध संग्राहक ओले वोर्म (१५८८–१६५४) हे दोघेही या नांवाचेच धनी होत. वोर्म आपलें नांव लॅटिनांत ‘ओलाउस्’ असें लिही.

नांवास कीर्ति मिळाली ती नॉर्वेच्या दोन राजांमुळें. पहिला ओलाफ त्रिग्वासोन. त्याचें राज्य ९९५ ते १००० पर्यंत झालें. दुसरा ओलाफ हाराल्डसोन; त्यानें १०१५ ते १०२८ पर्यंत राज्य केलें व १०३० सालीं स्तिकलेस्ताद येथील लढाईंत तो पडला. पुढच्याच वर्षीं त्यास संत मानण्यांत आलें, व तेथून त्याच्या नांवाचीं देवळें दूरदूर उभीं राहिलीं. लंडनमधील ‘टूली’ नांवाचा रस्ता हा मूळचा ‘सेंट ओलेव्ह’ याचा रस्ता. ‘सेंट’ शब्दाचा शेवटचा ट् पुढील नांवास चिकटला आणि संत नाहींसा होऊन टूली उरला.

जुन्या आइसलंडी पोथ्यांत हें नांव ओलाफ्र् असें येतें. परंतु आलेइफ्र् व ओलेइफ्र् अशींही जुनीं रूपें मिळतात. यांतील ‘एइ’ हा स्वर महत्त्वाचा आहे. दुसऱ्या अवयवावरील आघात मंदावला तसा तो ‘आ’ झाला. म्हणजे आपणांस जें रूप उलगडावयाचें तें ‘ओ–लाफ’ नसून ‘आ–लेइफ’ आहे.

३. हरवलेलें अनुनासिक

आतां पहिला स्वर. एकाच नांवांत कोठें आ, कोठें ओ, असें कां? याचें उत्तर नॉर्वेच्या पोथ्या देत नाहींत. शेजाऱ्यांच्या पोथ्या देतात.

इंग्रजांच्या जुन्या बखरीमध्यें (अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल) ९३७ सालच्या ब्रुनानबुर्हच्या युद्धाची हकीकत आहे. त्यांत डब्लिनचा नॉर्स राजा ओलाफ याचें नांव ‘अन्लाफ’ असें लिहिलें आहे. आयर्लंडच्या वार्षिक बखरींतून तेंच नांव ‘अम्लाइब’ असें येतें. या जागच्या म् चा उच्चार सानुनासिक व् सारखा होत असे. दोन भिन्न भाषांच्या लेखकांनीं एकमेकांस न विचारतां या नांवांत अनुनासिक ऐकलें. तेव्हां तें तेथें होतेंच, असें मानावें लागतें. ‘अन्’ मधील न् लोपला, त्याच्या बदल्यांत अ दीर्घ व सानुनासिक होऊन ‘आँ’ झाला, आणि पुढें अनुनासिक मावळतां मावळतां त्या आँ चा ओ झाला. शेजाऱ्यांनीं नांव टिपून घेतलें तें मधल्या अवस्थेंत.

या सानुनासिक स्वरांस आणखी एक साक्षीदार आहे, व तो आपणांस विशेष जवळचा वाटेल. बाराव्या शतकाच्या मध्यास आइसलंडांतील एका अज्ञात वैयाकरणानें आपल्या भाषेच्या लेखनाविषयीं एक लहान ग्रंथ रचला. त्यांत तो सांगतो कीं, नाकांतून उच्चारिल्या जाणाऱ्या स्वरावर बिंदु द्यावा, कारण तेवढ्या भेदानें शब्दाचा अर्थ पालटतो. आपला अनुस्वार त्यास ठाऊक असण्याचें कांहींच कारण नव्हतें. गरज तीच, म्हणून युक्तिही तीच सुचली. हा ग्रंथ चौदाव्या शतकांतील एकाच पोथींत उरला आहे. ती पोथी ओले वोर्म याच्या संग्रहांत होती, म्हणून तिला ‘कोडेक्स वोर्मियानुस्’ म्हणतात.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर दन्त या शब्दाचा दांत झाला, पञ्च याचें पांच झालें, ग्राम याचें गांव झालें. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळानें ठरविलेल्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार लेखनांतून गेले. लिहिण्याची सोय झाली यांत शंका नाहीं. परंतु शब्दाचा वंश शोधणाऱ्यास जुन्या वळणाचा कागद हातीं असावा लागतो, कारण तेथें बिंदु अद्याप आहे. प्रस्तुत लेखही त्याच हेतूनें जुन्या वळणानें लिहिला आहे.

४. अंत्य व्यंजन आणि विसर्ग

स्नेह्यांचें तिसरें म्हणणें, शेवटचा झ् म्हणजे विसर्ग, हें निःसंशय खरें आहे. (झ् चा उच्चार ‘माझा’ या शब्दांतल्याप्रमाणें करावा.) जटलंडांत गॅलेहुस गांवीं सोन्याचीं दोन शिंगें सांपडलीं, पहिलें १६३९ सालीं व दुसरें १७३४ सालीं. १८०२ सालीं एका चोरानें दोन्ही चोरून वितळविलीं. परंतु दुसऱ्या शिंगावरील रून लिपींतल्या लेखाच्या नकला आधींच झालेल्या होत्या, म्हणून तो लेख वांचला. त्याचा काळ सुमारें इ. स. ४०० धरतात. त्या लेखांत ‘हॉल्तियझ्’ असा प्रथमान्त शब्द आहे. संस्कृताचा अः, लॅटिनाचा उस् आणि या लेखांतील अझ् हे तिन्ही एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज होत. झ् चा पुढें र् झाला व ‘ओलाफ्र्’ हें रूप आलें. त्या र् च्या आधारास उ येऊन आइसलंडांत ‘ओलाफुर’ झालें. त्या उर् मध्यें आपला विसर्ग आजही जिवंत आहे.

‘अनुलइबझ्’ हें संबंध रूप मात्र कोणत्याही शिलेवर कोरलेलें मिळालेलें नाहीं. नियमांच्या आधारें मागें मागें जाऊन विद्वानांनीं तें सिद्ध केलें आहे, व म्हणूनच कोशांत त्याच्या डोक्यावर तारका असते. ती तारका स्नेह्यांच्या नजरेंतून सुटली होती. पोथींतील मूळ पाठ आणि संपादकानें कंसांत भरून काढलेला पाठ यांत जो फरक, तोच येथेंही आहे.

५. लेप खरा, रिक्थ नव्हे

उत्तरपद ‘लइब’. गॉथिक भाषेंत लइबा म्हणजे शेष, मागें उरलेलें. जुन्या इंग्रजींत लाफ याचा अर्थ तोच. नॉर्स भाषेंत लेइफ म्हणजे मागें ठेविलेली वस्तु, वारसा. इंग्रज बखरकारानें ‘अन्लाफ’ लिहिलें, तें उत्तरपदाचा अर्थ ओळखून त्याचें आपल्या बोलींतील रूप घातलें म्हणून. अमेरिकेच्या किनाऱ्यास पोंचलेला म्हणून प्रसिद्ध असलेल्या लेइफ एरिकसोन याच्या नांवांतही हाच शब्द एकटा उभा आहे.

येथें मला माझ्या एका चुकीची कबुली दिली पाहिजे. शिक्षक असतांना मीं अनेक वर्षें वर्गांत असें सांगत आलों कीं, इंग्रजी ‘लीव्ह’ म्हणजे मागें ठेवणें हा धातु, ग्रीक ‘लेइपो’ आणि संस्कृत रिच् हे सर्व एकच. रिच् पासून रिक्त आला, रिच् पासून रिक्थ आला. रिक्थ म्हणजे वारसा. तेव्हां ओलाफ म्हणजे पूर्वजांचें रिक्थ. अर्थ इतका चपखल बसे कीं तपासून पाहण्याची बुद्धि झाली नाहीं. सेवानिवृत्तीनंतर सवडीनें कोश उघडले तेव्हां चूक कळली. ग्रीक लेइपो व संस्कृत रिच् हे खरोखरच एक आहेत; परंतु त्यांच्या मुळाशीं क्व् सारखें व्यंजन होतें, त्याचा ग्रीकांत प् झाला व संस्कृतांत च्. जर्मानिक भाषांत त्या जागीं ह्व् येतो. म्हणून रिच् चा तिकडील सोयरा गॉथिक ‘लीह्वन्’, म्हणजे उसनें देणें, हा होय. इंग्रजी ‘लोन’ हा शब्द त्याच कुळांतला. लीव्ह चें कूळ वेगळें.

लइब मधील ब् हा मूळच्या प् पासून आला आहे. संस्कृत प् च्या जागीं जर्मानिक भाषांत सामान्यतः फ् येतो. पाद–फुट हें उदाहरण सर्वांच्या तोंडीं आहे. या व्यंजन-परिवर्तनाची पद्धतशीर मांडणी रास्मुस रास्क या डॅनिश पंडितानें १८१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत केली, व पुढें याकोब ग्रिम यानें तिला नियमाचें रूप दिलें. हाच रास्क १८२० सालीं मुंबईस आला होता. पारशी दस्तुरांच्या सहवासांत त्यानें अवेस्ताचा अभ्यास केला व पुष्कळ हस्तलिखितें मिळवून कोपनहेगनला नेलीं.

मग येथें फ् न येतां ब् कां? याचा उलगडा दुसऱ्या एका डॅनिश विद्वानानें, कार्ल वर्नर यानें, १८७७ सालीं छापलेल्या निबंधांत केला. त्याची किल्ली त्यास वैदिक स्वरांत सांपडली. भ्रातृ शब्द वेदांत आद्युदात्त आहे. तेथें गॉथिकांत अपेक्षेप्रमाणें थ् मिळतो, ब्रोथर. पितृ शब्द अन्तोदात्त आहे. तेथें थ् च्या जागीं द् मिळतो, फदर. उदात्त स्वर व्यंजनाच्या लगेच आधीं नसेल, तर तें व्यंजन घोष होतें. लइब शब्दांतही उदात्त मूळीं शेवटीं होता, म्हणून प् चा फ् होऊन त्याचा पुढें ब् झाला. ज्या स्वरचिन्हांकडे आपण केवळ पाठांतराची बाब म्हणून पाहतों, त्यांनीं हजारों कोसांवरील भाषेच्या व्यंजनाचा निवाडा केला, ही गोष्ट संस्कृताच्या विद्यार्थ्यानें विसरूं नये.

तेव्हां लइब याचा आपल्याकडील सगोत्र रिच् नसून लिप् आहे. लिप् म्हणजे चिकटणें, माखणें. त्यावरून लेप, व मराठींत लिंपणें. जें चिकटतें तें राहतें. जें राहतें तें शेष. जर्मन ‘ब्लाइबन’ म्हणजे राहणें, आणि इंग्रजी ‘लाइफ’ म्हणजे आयुष्य, हेही याच धातूचे. म्हणजे स्नेह्यांचा लेप खरा ठरला, आणि माझें रिक्थ खोटें ठरलें.

अर्थसाम्यानें असें फसणारे आपण एकटेच नव्हे. ‘लिपि’ हा शब्द लिप् पासूनच आला, शाई माखतात म्हणून लिपि, असें आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या शिकविलें गेलें. परंतु अशोकाच्या वायव्येकडील, शाहबाझगढी व मानसेरा येथील, लेखांत तो शब्द ‘दिपि’ असा आहे, व प्राचीन फारशींतही ‘दिपि’ हेंच रूप आहे. शब्द बाहेरून आला, आणि लिप् च्या शेजारीं बसल्यामुळें त्याच्या घरचा वाटूं लागला.

६. पूर्वपद ‘अनु’ नव्हे

राहिलें पूर्वपद. संस्कृत अनु हा उपसर्ग आहे व त्याचा अर्थ मागून, पाठोपाठ असा होतो. अनुज म्हणजे मागून जन्मलेला. ओलाफ या नांवांतील ‘अनु’ हें मुळीं नाम आहे व त्याचा अर्थ पूर्वज. जुन्या जर्मनांत अनो म्हणजे आजा, आजच्या जर्मनांत आन म्हणजे पूर्वज. लॅटिनांत अनुस् म्हणजे वृद्ध स्त्री. हिताइत भाषेंत हन्नस् म्हणजे आजी. एक शब्द मागून येणाऱ्याचा, दुसरा आधीं होऊन गेलेल्याचा. अक्षरें जुळलीं, पण अर्थ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. शिवाय संस्कृत अनुलेप म्हणजे चंदनादिकांची उटी. तिचा मुलाच्या नांवाशीं संबंध जोडावयाचा तर नवीन कथाच रचावी लागेल, आणि जेथें कथा रचावी लागते तेथें व्युत्पत्ति संपलेली असते.

७. नांवाचा अर्थ व रीत

सारांश, ओलाफ म्हणजे ‘पूर्वजाचा शेष’. आजा गेला, त्याचें जें मागें उरलें तें हें मूल. जर्मानिक लोकांचीं पुष्कळ द्विपदी नांवें आईबापांच्या नांवांतील एकेक तुकडा घेऊन जुळविलेलीं असत, व त्यांतून सरळ अर्थ निघेलच असें नसे. येथें मात्र दोन्ही पदें मिळून अर्थ स्वच्छ लागतो, आणि त्या लोकांची रीतही त्यास अनुकूल आहे. ओलाफ त्रिग्वासोन याचा बाप त्रिग्वी, व त्रिग्वीचा बाप ओलाफ. नातवानें आजाचें नांव चालविलें. आपणांस हें समजावून सांगावयास नको. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, व त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव, ही मालिका प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें आहे. स्वतःच्या नांवापुढें बापाचें नांव लावण्याची रीतही दोहींकडे सारखी. आइसलंडांत बहुतेकांस आजही आडनांव नाहीं.

येथें धर्मशास्त्र जाणणाऱ्या वाचकांस आणखी एक मोह होईल. श्राद्धांत बाप, आजा व पणजा हे पिंडाचे अधिकारी, आणि त्यांच्या वरचे तिघे पूर्वज हाताला चिकटलेल्या लेपाचे, म्हणून ते लेपभाज् होत. पूर्वज व लेप हे दोन्ही शब्द येथें एकत्र आले आहेत. परंतु आपल्या लेपाचा अर्थ येथें अन्नाचें माखण एवढाच आहे. ‘वंशांत उरलेला’ हा अर्थ लिप् ला उत्तरेकडे गेल्यावर आला. हें साम्य मनांत ठेवावें, पुराव्यांत घालूं नये.

नांवाचा प्रवास कोठवर गेला, याचें एक उदाहरण आपल्या इतिहासांतलें आहे. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर नॉर्स लोकांची दीर्घकाळ वस्ती होती. तेथें अम्लाइब याच्या मुलास गेलिक भाषेंत ‘मॅक् अव्ली’ म्हणत. त्याचेंच इंग्रजी रूप मॅकॉले. ज्यांच्या १८३५ सालच्या टिपणानें आपल्या शिक्षणाची दिशा पालटली, ते थॉमस बॅबिंग्टन मेकॉले याच लुईसच्या कुळांतले. आपण दीडशें वर्षांहून अधिक काळ ‘ओलाफच्या पोरा’ला बरेंवाईट बोलत आलों आहों, याची आपणांस कल्पना नव्हती.

नॉर्वेनें या नांवाचा अर्थ जणूं जाणूनबुजून पुन्हा खरा केला. त्या देशाचा चौथा ओलाव १३८७ सालीं वारला. पुढें राज्य परकीय राजांच्या सत्तेखालीं गेलें. १९०५ सालीं नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, तेव्हां डेन्मार्कचे राजपुत्र कार्ल यांनीं हाकोन हें जुनें नांव धारण करून गादी स्वीकारली, व आपल्या दोन वर्षांच्या अलेक्झांडर नांवाच्या मुलाचें नांव ओलाव ठेविलें. ५१८ वर्षांनीं तें नांव राजघराण्यांत परतलें. हाच मुलगा पुढें पांचवा ओलाव म्हणून १९५७ ते १९९१ पर्यंत राज्यावर होता.

८. उपसंहार

स्नेह्यांनीं माझें उत्तर वाचून निबंध छापावयास पाठविला नाहीं. त्यांस वाईट वाटलें असणार, व तें मला समजतें; मीही माझें रिक्थ असेंच एके दिवशीं टाकलें आहे. फरक इतकाच कीं, माझी चूक तोंडी असल्यामुळें कितीजणांच्या डोक्यांत राहिली तें मोजतां येत नाहीं, आणि ती परतही घेतां येत नाहीं. त्यांची कागदावर होती, ती वेळींच थांबली. छापलेली व्युत्पत्ति बनावट सनदेसारखी असते. एकदां दप्तरांत शिरली कीं पुढचे लोक तिचाच दाखला देतात.

शेवटीं संग्राहकांसाठीं एक गोष्ट. नॉर्वेच्या राजांचा इतिहास स्नोरी स्तुर्लुसोन (११७९–१२४१) यानें लिहिला. त्याची सुमारें १२६० सालची ‘क्रिंग्ला’ नांवाची उत्तम पोथी १७२८ सालच्या कोपनहेगनच्या आगींत जळाली. तिचें एकच पान, आगीपूर्वीं वेगळें पडून दुसरीकडे गेलें होतें म्हणून, वांचलें. तें स्टॉकहोमच्या ग्रंथालयांत होतें. १९७५ सालीं स्वीडनच्या राजांनीं तें आइसलंडास परत दिलें. तें पान संत ओलाफ याच्या चरित्रांतील आहे. आपल्या घरोघरच्या रुमालांत असें एकेक सुटें पान पडलेलें असेल. पुढें जो शेष राहावयाचा तो कदाचित् तेंच असेल, म्हणून तें टाकूं नये, व त्यावर नसलेलें कांहीं वाचूंही नये.